मुका हात

तर नाजूकरावांनी दोन्ही हात डोक्याच्या वर धरले, बायकोनं पाठीवर तांब्या ओतला, आणि अशी ती अंघोळ पार पडली. कुणी अचानक दार उघडून पाहिलं असतं तर वाटलं असतं, या माणसाला चोरांनी पिस्तूल दाखवून न्हाणीघरात उभं केलंय. पण थंडीचे महिने हे रोजचंच होतं. हात भिजता कामा नयेत. तोंड पुसायचं ते बायकोनं पिळून दिलेल्या फडक्यानं, जेवायचं ते चमच्यानं, आणि पावसाची भुरभुर असली तर हात खिशात घालून चालायचं. घरातल्या भांड्यांना लग्नापासून त्यांचा हात लागला नव्हता, आणि त्याला ते आळस म्हणत नसत, धंद्याची शिस्त म्हणत.

आता हा माणूस काही लोण्याचा गोळा नव्हता. दारातून आत येताना एक खांदा तिरका करावा लागे असा देह, आणि पंजे असे की चहाचा कप त्यात सापडायचा नाही. नाजूकराव हे नाव कारखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की बायकोही माणसांत तेच म्हणे.

कारखाना होता रेशमी रुमालांचा. गळ्याशी बांधतात ते मोठे रुमाल. यंत्रानं शिवलं की त्यांची कड चपटी पडते. हातानं वळून शिवली तर गवताच्या काडीसारखी गोल राहते. नाजूकरावांचं काम ते. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात कड धरायची, थुंकीनं ओलावून वळल्यासारखी बसेल इतक्या अलगद वळवायची, आणि कुणाला दिसणार नाही असा टाका घालायचा. या कामात डोळ्यांचा नंबर दुसरा. पहिला कातडीचा. कातडी जरा उलली, म्हणजे थंडीनं तिला बारीक भेगा पडल्या, की त्या भेगांच्या कडा रेशमाची तार धरतात आणि 'खस्स' असा आवाज होतो. कारखान्यात त्याला 'हात बोलला' असं म्हणत. ज्याचा आवाज येत नाही तो मुका हात. नाजूकरावांचं तोंड सकाळी टेबलाशी बसल्यापासून सुटेपर्यंत चालू असे, पण हाताबद्दल आजवर कुणाला तक्रार करता आली नव्हती.

मुळात ते तिथं गठ्ठे उचलायला लागले होते. एकदा कापणीच्या टेबलावर टाचण्यांचा डबा उलटला, तो नेमका उलगडलेल्या रेशमावर. लोक ओरडत राहिले. हे महाशय वाकले आणि एकेक टाचणी अशी वेचली, की जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावरून मुंग्या काढतायत. एक तार हलली नाही. कड वळणाऱ्यांचे वस्ताद लांबून बघत होते. त्यांनी त्याच दिवशी या गड्याला आपल्या शेजारी बसवलं, सुई हातात दिली आणि पहिला धडा दिला, "रेशीम आणि पाणी एका हातात नांदत नाहीत." नाजूकरावांना वस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती अंघोळ त्या रेघेतूनच निघालेली.

पण वस्तादांचं पुढं काय झालं तेही नाजूकरावांनी पाहिलं होतं. एका हिवाळ्यात त्यांचा हात बोलायला लागला. मालकांनी त्यांना मागच्या खोलीत खोके भरायला बसवलं. थंडी संपेपर्यंत, असं म्हणाले होते. ती थंडी काही संपली नाही. वस्ताद कामावरून उतरेपर्यंत तिथंच होते, आणि कुणाशी बोलत बसले की त्यांची बोटं खोक्यातल्या पातळ कागदाची कड आपोआप वळत राहायची. नाजूकराव जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे जात, पण त्या बोटांकडे बघत नसत.

म्हणून यंदा आपला हात बोलला तेव्हा त्यांनी तो लगेच खिशात घातला.

कारखान्यात थंडीत रोज सकाळी परीक्षा असे. खिडकीशी एका चौकटीवर पांढऱ्या रेशमाचा तुकडा ताणून लावलेला. प्रत्येकानं येऊन त्यावरून तळवा आणि बोटं फिरवायची. शेजारी मुकादमबाई डोळे मिटून उभ्या. त्यांचा कान असा, की लोक म्हणत, बाईंना सुई शिंकली तरी ऐकू येतं. नाजूकरावांनी अंगठा फिरवला आणि बाईंनी डोळे उघडले. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं पुढच्याला बोलावलं. पुढं दोन-तीनदा तेच झालं, तेव्हा त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं. पांढऱ्या रुमालांचं मोठं काम येतंय. रंगीत कापड पोटात घालतं, पांढरं चुगलखोर असतं. तार निघाली तरी सांगतं, तेलाचा ठिपका पडला तरी सांगतं. ते काम टेबलावर येईल त्या सकाळी ज्याचा हात बोलेल, त्याला त्या खोक्यांकडे पाठवणार. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी 'थंडी संपेपर्यंत' हे शब्दही जोडले. नाजूकरावांना तेच नेमके नको होते.

बरं, ते हातांची काळजी घेत नव्हते असं मुळीच नाही. नवरीच्या गालांची कुणी घेणार नाही इतकी घेत होते. संध्याकाळी जेवण झालं की कोरड्या ठणठणीत हातांवर तेल चोळायचं. ते आत जिरावं म्हणून हात हीटरसमोर धरून शेकायचे. सकाळी कापडाला डाग पडू नये म्हणून खडूची पूड लावून सगळं तेल पुसून काढायचं. म्हणजे संध्याकाळी जे काय आत गेलं असेल ते सकाळी खडू पिऊन टाकणार, आणि मध्ये हीटरनं कातडीतला होता नव्हता तो ओलावा शोषलेला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, हे पालथ्या घड्यावर तेल. हात जितके बोलत तितकं हे तेल वाढवत, आणि तेल वाढलं की खडू वाढे.

बायकोनं एकदा सांगून पाहिलं होतं. ती सकाळी बेकरीच्या गल्ल्यावर बसे आणि दुपारपासून घर आणि सासू सांभाळे. तिचं म्हणणं एवढंच, की अहो, हात आधी ओले करा आणि ओल्यावर लावा. नाजूकरावांनी तिला रेशमातलं काय कळतं असं विचारलं. त्यावर ती म्हणाली, रेशमातलं नाही कळत, कातडीतलं कळतं, ती मलाही आहे. पण समोरून उत्तर आलं ते वस्तादांचं, म्हणून तिनं तो विषय मिटवला.

घरात थंडीचे लाड व्हायचे ते म्हातारीचे. नाजूकरावांची आई गुडघ्यांनी बसलेली होती, पण जीभ धावत असे. हिवाळा आला की तिच्या नडग्यांवर पांढुरके खवले धरत, पाठीला खाज सुटे, टाचांना भेगा पडत. सून रोज संध्याकाळी तिला खुर्चीवर बसवून कोमट पाण्यानं पुसून घेई. साबण फक्त गरजेपुरता. मग मऊ टॉवेलनं टिपायचं, रगडायचं नाही, आणि अंग दमट आहे तोवर घरी केलेलं मलम लावायचं. ते मलमही तीच करी. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून तेलात मधमाश्यांचं मेण विरघळवायचं, खाली उतरवून थंड होईपर्यंत ढवळत राहायचं. म्हातारीच्या ओठांनाही तेच. ती तक्रार करी, की मेणबत्ती चाटल्यासारखं लागतं. सून म्हणे, चाटू नका म्हणजे लागणार नाही. खोलीतली हवा कोरडी पडू नये म्हणून हीटरपासून जरा दूर, खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातलेला असे. आणि हे सगळं चालू असताना त्याच खोलीत, त्याच हीटरसमोर, नाजूकराव तेलकट हात भाजत बसलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

अशात दुष्काळात तेरावा महिना. पहाटे पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता, बेकरीला जाताना बायकोचा पाय घसरला आणि तिनं हातावर अंग तोललं. मनगट मोडलं नाही, पण चांगलंच मुरगळलं. डॉक्टरांनी पट्टा बांधून हात गळ्यात अडकवून दिला आणि बरं वाटेपर्यंत पिळणं, उचलणं, घासणं बंद म्हणून सांगितलं.

नाजूकरावांनी बायकोची विचारपूस केली, चहा करून दिला, उशी दिली. मग त्यांच्या लक्षात आलं, की संध्याकाळ येणार आहे. आईला पुसायचं कुणी?

त्यांनी पहिल्यांदा खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचं नाव काढलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला अंघोळ घालायच्या वेळी मी शेजारीण बोलावली नव्हती."

मग त्यांनी सुचवलं, की दोन-चार दिवस राहिलं तर काय बिघडतं. तर म्हातारी म्हणाली, बिघडत काही नाही, मी रात्रभर खाजवीन आणि तुम्हाला ऐकू येईल.

तिसरा उपाय म्हणून त्यांनी रबरी हातमोजे आणले. हा उपाय त्यांना फार पटला होता. आई पुसली जाईल आणि हात कोरडे राहतील. मोजे घालून त्यांनी ओला कपडा तिच्या पाठीवरून एकदा फिरवला. म्हातारी शहारली. अंगावरून बदक चालून गेल्यासारखं वाटतंय म्हणाली, आणि ते काढल्याशिवाय दुसऱ्यांदा हात लावू देईना. बायको पलंगावर तोंड भिंतीकडे करून पडली होती. तिची पाठ हलत होती ती दुखण्यानं नव्हे.

नाजूकरावांनी मोजे काढले. वाफ येणाऱ्या पातेल्यापाशी त्यांनी बाह्या वर सारल्या. मागच्या खोलीतले खोके त्यांच्या डोळ्यांपुढे आले, वस्तादांची बोटं आली. मग गंगेत घोडं न्हालं म्हणायचं तसं, त्यांनी दोन्ही पंजे पाण्यात घातले आणि लगेच बाहेर काढले. पाणी चटका बसेल इतकं कढत होतं.

"मला शिजवायचंय का?" म्हातारी म्हणाली. "गार ओत त्यात. कोपराला सोसेल इतपतच हवं. जास्त तापलं की अंग आणखी ओढतं."

तिथून पुढं शिकवणी सुरू झाली. नाजूकरावांनी पाठ जरा जोर लावून पुसली, तर मी काय जळकं पातेलं आहे का म्हणून विचारलं गेलं. टॉवेल रगडला, तर टीप, टीप, असं दोनदा सांगावं लागलं. पाय पुसून झाल्यावर त्यांनी सवयीनं टॉवेलनं अगदी कोरडेठाक केले आणि मलमाची वाटी शोधायला गेले, तर म्हातारीनं ते पाय पुन्हा पाण्यात बुडवायला लावले. ओलं आहे तोवरच लाव, ती म्हणाली, नाहीतर ते वरच बसतं. आत पाणी हवं आणि वर झाकण हवं. नुसत्या रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून काय उपयोग.

हे वाक्य नाजूकरावांनी ऐकलं, पण तेव्हा त्यांना ते आईच्या पायांबद्दलच वाटलं.

त्यांनी मलम घेतलं आणि नडगीवर लावायला लागले. इथं मात्र त्यांचा हात आपोआप हळू झाला. आईची कातडी त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. जुन्या रुमालाची घडी जिथं वर्षानुवर्षं पडते तिथं रेशीम जसं पातळ होतं, तशी ती झाली होती. जोर लावला तर विरेल. त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणलं आणि कड वळताना फिरवतात तसं, अलगद, घोट्यापासून वर नेलं. बोटांच्या बेचक्या, टाचा, गुडघ्यामागची घडी. मलम वितळून आत गेलं, खवले खाली बसले. शेवटी सुती पायमोजे चढवले. म्हातारीची शिकवणी मधेच थांबली होती. त्यांनी वर पाहिलं तर तिला खुर्चीतच झोप लागली होती.

हातांना जे मलम उरलं होतं ते पुसायचं तेवढं राहून गेलं. बायकोला जेवायला वाढायचं होतं, भांडी होती, मग बिछाने. तेल, हीटर सगळं विसरलं. सकाळी उशीर झाला म्हणून खडूही राहिला. कोमट पाण्यानं हात विसळून, टिपून, ते पळत कारखान्यात गेले.

चौकटीवरून अंगठा फिरवला तर तो बोलला. पण कुजबुजला म्हणावं इतकंच. नाजूकरावांनी त्याचं श्रेय हवेला दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. तोवर पांढरं रेशीम येऊन कोठीत पडलं होतं, आणि यांच्या मनात नुसती धास्ती, की रोज संध्याकाळी हात पाण्यात जातायत, ते कधी ना कधी सूड घेणार. म्हणून ते गप्प. इतके गप्प, की समोर बसणाऱ्या चष्मेवाल्यानं घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. वस्तादांची शिस्त मोडली हे तोंडानं सांगायचं म्हणजे त्यांना चोरी कबूल केल्यासारखं वाटत होतं.

घरी शिकवणी चालूच होती, आणि त्या गडबडीत तेल, हीटर, खडू राहूनच जात होते. आता पाण्याचा अंदाज कोपर न लावताही येत होता. म्हातारी दुसऱ्या कशाबद्दल बोलायला लागली होती. त्यांच्या लहानपणी ते अंघोळीला भिऊन कपाटामागं लपायचे, ते तिनं सुनेला रंगवून सांगितलं. सून म्हणाली, तेव्हापासूनच धंद्याची शिस्त होती म्हणायची.

मग ती सकाळ आली. पांढऱ्या रेशमाचे ताके टेबलावर ठेवलेले, मालक जिन्यात उभे, आणि चौकटीवर नवा कोरा तुकडा. एकेक जण पुढं होत होता. चष्मेवाल्याचा हात मुका निघाला. त्याच्यानंतरच्या एका बाईचं बोट जरा बोललं, तिला मुकादमबाईंनी मागं थांबवलं. नाजूकरावांची पाळी आली. त्यांनी आधी तळवा ठेवला, मग चार बोटं, आणि अंगठा सगळ्यांत शेवटी. मुकादमबाईंनी मान तिरकी केली. पुन्हा फिरवा म्हणाल्या. त्यांनी पुन्हा फिरवला. बाईंनी खिडकी बंद करायला सांगितली, रस्त्यावरचा आवाज नको म्हणून, आणि तिसऱ्यांदा फिरवायला लावला. काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. तेलाचा ठिपका नाही, खडूचा कण नाही.

बसा म्हणाल्या. नाजूकराव आपल्या जागेवर बसले खरे, पण पहिली सुई ओवायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी मुद्दाम येऊन विचारलं, की असं काय लावलं. नाजूकराव म्हणाले, हात पाण्यात घालतो. टेबलावर हशा पिकला. चष्मेवाला म्हणाला, सांगायचं नसेल तर नका सांगू, पण आम्हाला पाण्यात बुडवू नका. त्यांनी कोमट पाण्याचं, टिपण्याचं, दमट अंगावर मलमाचं सगळं सविस्तर सांगितलं, आणि जितकं सविस्तर सांगितलं तितकं लोकांना ते खोटं वाटलं. फक्त जिचं बोट सकाळी बोललं होतं ती बाई हसली नाही. तिनं मेण किती आणि तेल किती तेवढं विचारून घेतलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला बातमी दिली. ती म्हणाली, बरं झालं. 'रेशमातलं काय कळतं' या आपल्या जुन्या प्रश्नाची ती आठवण करून देईल म्हणून ते तयारीनं उभे होते. ती काही तसं म्हणाली नाही, त्यामुळं त्यांना जास्तच लागलं.

यथावकाश तिचा पट्टा सुटला. त्या संध्याकाळी तिनं बाह्या वर केल्या, पातेलं घेतलं आणि सासूच्या खुर्चीपाशी स्टूल ओढलं. तर स्टुलावर नाजूकराव आधीच बसलेले. तिनं सांगितलं, आता मनगट बरं आहे, उठा. ते म्हणाले, एवढ्यात भार नको. ती म्हणाली, सकाळी मी पिठाची गोणी सरकवली. ते म्हणाले, मग तर आज विश्रांतीच हवी. म्हातारी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती आणि पायमोजे तिनं आपणच काढून ठेवले होते.

बायकोनं पातेलं खाली ठेवलं. पांढऱ्या रेशमाचं काम अजून चालू आहे, हे तिला ठाऊक होतं. सासूकडे बघत ती म्हणाली, "अहो, एक खरं सांगा. हे चाललंय ते हातांसाठी की आईंसाठी?"

म्हातारीनंही कान टवकारले.

नाजूकरावांनी बोटाच्या टोकानं पाणी चाचपलं, टॉवेल मांडीवर घेतला आणि म्हणाले, "हातांसाठी म्हटलं तर आईला वाईट वाटेल, आईसाठी म्हटलं तर तू विचारशील इतकी वर्षं कुठं होतात. तेव्हा तू आपलं यात थोडं गार पाणी ओत, आणि बस इथं, तुझं मनगटही पुढं कर."